उरलेले चार भाग

नगररचना कार्यालयातल्या साहेबांनी जागेचा झोन बदलायच्या संमतीचा कागद पुढं सरकवला, तशी अक्काताईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हळूच विचारलं, "साहेब, ह्यानं जागा वाढती का?"

"जागा कशी वाढेल, आजी? अकरा गुंठे ते अकरा गुंठेच." साहेबांनी भिंतीवरच्या नकाशाकडं बोट केलं. उद्यमनगरच्या कडेची सगळी पट्टी निळी झाली होती, दुकानांची. मधेच एक जांभळा तुकडा राहिला होता, कारखान्याचा. "तो तुमचा. सही केलीत की प्रस्ताव पुढं जाईल. मग तोही निळा."

"मग वाढतंय काय?"

"भाव!" त्यांचा मुलगा अनेकांत म्हणाला. "आई, पाचपट हुतोय. चारदा सांगितलंय की तुला."

दोन वर्षं तो ह्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत होता. शेड पाडून दोन मजली दुकानं काढायची, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. जागा मात्र आईच्या नावावर होती.

अक्काताई कागदाकडं बघत राहिल्या. बारा वर्षांमागं त्यांनी जैन मुनी महाराजांपुढं हात जोडून परिग्रहाचं परिमाण घेतलं होतं. आपल्याजवळ किती असावं, त्याची आपणच घातलेली हद्द. घर एक, जागा अकरा गुंठे, लुगडी बारा, भांडी वापरापुरती. आणि खाली, सगळ्याची मिळून किंमत इतकी, त्यावर नको. महागाई वाढंल म्हणून तो आकडा महाराजांनीच जरा सैल धरायला लावला होता. रोज जाप झाला की अक्काताई ते सगळं मनात म्हणायच्या. तेरावं लुगडं आहेरात आलं तर दिवस मावळायच्या आत कुणाला तरी देऊन टाकायच्या.

लुगड्याचं सोपं होतं. ते उचलून देता येतं. इथं तर घरात काहीच आलं नव्हतं. कुंपण तेच, पत्रे तेच, आणि नुसत्या रंगानं हद्द मोडत होती. मोडत होती, का आपल्यालाच तसं वाटतंय? त्यांना नीट उमगेना.

दाराशी अमीन उभा होता. बावीस वर्षं त्याचा लेथ त्यांच्या शेडात चालत होता. अक्काताई आपल्यासाठीच अडल्यात, अशी त्याची समजूत झाली.

"अक्का, माझ्यापायी थांबू नका," तो म्हणाला. "लेथ काय, उचलून शिरोलीला न्हेतो. लोखंडाला कुठं झोन कळतोय?"

साहेब हसले. अक्काताईंना हसू आलं नाही. अमीनसाठी अडून बसणं एक वेळ सोपं गेलं असतं.

"तुझं न्हवं रं, अमीन. माझा नियम हाय."

त्यांनी चार वाक्यांत नियम सांगितला. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एवढंच ना? मुलाच्या नावावर करून टाका."

"घरातल्या घरात सरकवायचं न्हाय. महाराजांनी ते पयलंच बजावलंय."

"मग सही नका करू."

"आई!" अनेकांतचा आवाज चढला. "व्रत तुझं. त्यात मला का बांधून घालतीस? दुकान काढू नको म्हणून मी कुठल्या महाराजांना शब्द दिलाय?"

हेही खरंच होतं. अक्काताईंना त्याचा रागही येईना. त्यांच्या व्रतापायी पोराच्या ताटातलं काढून घ्यायचं, हेही पापच की. सही केली तर एक मोडतंय, नाही केली तर दुसरं. बाहेरच्या बाकावर लोक आपल्या पाळीची वाट बघत होते.

अक्काताईंनी मान वर केली.

"पाचपट म्हणता न्हवं? मग पाचातला एक भाग माझ्या हद्दीत बसतोय. तेवढा ऱ्हाऊ दे." त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "उरलेले चार माझे न्हाईत, हे लिहायचा रकाना कुठाय ह्यात?"

"चार भाग?" अनेकांत खुर्चीत मागं टेकला. "कुणाचे मग?"

"ते अजून ठरलं न्हाय. माझे न्हाईत, एवढंच ठरलंय."

साहेब आता सावकाश बोलू लागले, लहान पोराला समजवावं तसे. "हे बघा आजी. आधी तुम्ही सही करायची. मग जागा निळी होणार. त्यानंतर ती कुणालाही द्या, शाळेला द्या, बस्तीच्या देवळाला द्या, कोण आडवं येणार नाही. आठ-दहा महिन्यांचा तर प्रश्न."

"तेवढे म्हैने ती माझ्याच नावावर?"

"हो. नावावर असल्याशिवाय देणार कशी?"

"मग तेवढे म्हैने," अक्काताईंनी विचारलं, "व्रत कुठं ठेवू?"

शिपायानं दारातून पुढचा नंबर पुकारला. साहेबांनी त्याला हातानंच थांबवलं, आणि संमतीचा कागद उलटून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूकडं बघत राहिले.