शुक्रवारचा पाऊण तास

"एकाच पेनड्राईव्हवर सगळं हवं," तो माणूस म्हणाला. "कॉम्प्युटर जुना निघो की नवा, सुरू झाला पाहिजे. पासवर्ड न विचारता."

किनांतीने मान वर केली. इंडोनेशियातल्या सुराबायाच्या त्या मॉलच्या तळघरात दुरुस्तीचे चाळीस गाळे होते, पण असली गिऱ्हाइकं नेमकी तिच्याच गाळ्यावर येऊन आदळायची. पन्नाशी उलटलेला, डोक्यावर काळी टोपी, अंगात इस्त्रीचा बातिक शर्ट. तळवे मात्र घामाने चिकट. काउंटरवर त्याचा हात टेकला तिथे ओला ठसा उमटला. तिला शिसारी आली.

"कॉम्प्युटर कोणाचा, पाकदे?" तिने विचारलं. थोराला काका म्हणायची जिभेची सवय, ती रागातही सुटत नाही.

"मुलींच्या वसतिगृहाचा. मी सुवोंदो, तिथे ड्रायव्हर आहे."

"मग ऑफिसात पासवर्ड मागा की."

तो इकडेतिकडे बघत कसंनुसं हसला. "मागता आला असता तर इथे कशाला आलो असतो, म्बाक, ताई? त्यात फोटो आहेत. मुलींचे. शनिवारी ते मशीन पुसून कुणाला तरी देऊन टाकणार आहेत. त्याआधी मला ते हवेत."

"कसले फोटो?"

त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "बाईमाणसापुढे बोलता येत नाही."

शेजारच्या गाळ्यातल्या हार्दीने कान टवकारले. किनांतीची पुतणी मालांगला अशाच एका वसतिगृहात राहत होती.

"हे करणार कधी?"

"शुक्रवारी दुपारी. सगळे पुरुष मशिदीत जातात. पाऊण तास ऑफिस रिकामं असतं."

"आणि तुम्ही?"

"मी या शुक्रवारी जाणार नाही," तो खाली मान घालून म्हणाला.

किनांती काही फार देवभोळी नव्हती. पण शुक्रवारचा नमाज बुडवून पोरींचे फोटो पळवणारा हा म्हातारा बघून तिला थुंकावंसं वाटलं. हाकलून द्यावं, तर हार्दी दोन मिनिटांत त्याचं काम करून देईल आणि वर विचारेल, काही मजेशीर आहे का त्यात! म्हणून तिने ठरवलं, काम आपणच घ्यायचं.

"बसा," ती म्हणाली.

ती हत्यारं निवडू लागली. मशीन आतल्या सिस्टीमऐवजी पेनड्राईव्हवरच्या सिस्टीमने सुरू केलं, की पासवर्ड विचारत नाही. एक साधन अख्ख्या पेनड्राईव्हवर एकच सिस्टीम चढवायचं. ते कामाचं नव्हतं. दुसऱ्याने सिस्टीमची यादी छान दिसायची, पण प्रत्येक सिस्टीम त्याच्याच हातून चढवावी लागे. तिसरं एकदा बसवलं की झालं. मग कपाटात कपडे टाकावेत तशा फाईली टाकायच्या, आणि जुन्या-नव्या दोन्ही मशीनवर यादी समोर हजर. तिने तिसरं घेतलं. त्यात जुन्या मशीनसाठी एक हलकी सिस्टीम टाकली, नव्यासाठी एक मोठी, आणि अडल्यानडल्याला पासवर्ड काढणारी तिसरी.

राहिली राखीव जागा. पेनड्राईव्हवर ती ठेवली नाही, तर असली सिस्टीम नुसती मशीनच्या तात्पुरत्या स्मृतीत चालते. बंद केली की तिच्यात जपलेलं सगळं साफ. चांगला कारागीर ही जागा न सांगता ठेवतो.

"राखीव जागा विसरलीस की गं," हार्दी मान लांब करून पुटपुटला.

"विसरले नाही."

"मग?"

"तू तुझं बघ ना."

तिने दोन्ही सिस्टीमच्या पडद्यावर, त्या तात्पुरत्या स्मृतीतलंच, एक फोल्डर दिसेल असं केलं आणि त्याला 'जपून ठेवा' असं नाव दिलं. मग सुवोंदोला शिकवलं: इथून उचला, यात टाका, मशीन बंद करा, पेनड्राईव्ह काढा. त्याने तिच्याकडून तीनदा करून घेतलं आणि पेन्सिलने कागदावर उतरवलं.

"बंद केल्यावरही राहतील ना, म्बाक? मला पुन्हा संधी नाही मिळायची."

किनांतीने त्याच्या डोळ्यांत बघितलं. "राहतील."

त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला आणि दुवा दिली. तो गेल्यावर तिने स्पिरिटने हात पुसले, मग साबणानेही धुतले. तरी तो चिकटपणा जाईना.

"सोमवारी बोंबलत येईल बघ," हार्दी बाक्सोचा, मांसाच्या गोळ्यांच्या सूपचा, वाडगा पुढे सरकवत म्हणाला.

"येऊ दे. चारचौघांत विचारते, काका, कसले फोटो हरवले तुमचे?" दोघं पोट धरून हसली.

शुक्रवारी बांग झाली. हार्दी टोपी घालून निघून गेला, आजूबाजूच्या गाळ्यांवर सामसूम झाली. त्या पाऊण तासात किनांतीने एकही मशीन उघडलं नाही. घाम पुसत फोटोंमागून फोटो ओढणारा तो माणूस तिला डोळ्यांसमोर दिसत होता, आणि आयुष्यात प्रथमच आपल्या कामाचा इतका अभिमान वाटत होता.

सोमवारी तो आला. तोच शर्ट. किनांतीने गाळ्यागाळ्यांना ऐकू जाईल असा आवाज काढायला तोंड उघडलं.

मग त्याच्यामागची तपकिरी गणवेशातली पोलीस बाई तिला दिसली. आणि तिच्याही मागे, शाळेच्या कपड्यांतली तेराएक वर्षांची मुलगी. ती जमिनीकडे बघत होती.

"माझी नात, दिआंती," सुवोंदो म्हणाला. "त्या दिवशी तुम्हाला हिचं नाव कसं सांगू? लाज वाटली."

"वसतिगृहाच्या संचालकांनीच हे फोटो काढले, आणि त्यांचे हात वरपर्यंत पोचलेत," पोलीस बाई हलक्या आवाजात म्हणाली. "ते मशीन शनिवारीच पुसलं. आता फोटो असले तरच गुन्हा उभा राहील. या पोरीच्या नुसत्या शब्दाला कोणी विचारणार नाही."

सुवोंदोने पेनड्राईव्ह रुमालातून सोडवून काउंटरवर ठेवला.

"हिच्यासारख्या आणखी आठ जणी आहेत, म्बाक. सगळ्यांचं यात आणलंय. घरी उघडून बघायचा धीर झाला नाही मला. तुम्हीच उघडून दाखवा."