बागेचं पहिलं पाणी

भावाच्या दुखवट्यात तृप्तीचं लग्न पुढं ढकललं, त्या वर्षीची गोष्ट. संक्रांत होऊन गेली होती. वाटूरच्या शिवारात तिच्या वडिलांची, भुजंगरावांची मोसंबी ताणावर उभी होती. बहार धरायचा म्हणून पाणी तोडलेलं. पानं पिवळी पडून गळाली, फांद्या उघड्या झाल्या, पाणी सोडायची वेळ आली, तरी भुजंगराव मोटरीला हात लावायला तयार नव्हते. पाणी देईल तर पोरानं, भारतनं लिहिलेला प्रोग्रामच, असं ते धरून बसले होते.

"पोरापायी झाडं मारता का?" तृप्तीची आई द्वारकाबाई रोज विचारायच्या. आज त्याही मोटरीच्या खोलीत येऊन बसल्या.

मोटर आपोआप चालू-बंद करणारा, भारतनं बसवलेला डबा परतीच्या पावसात वीज पडून जळाला होता. मूळ प्रोग्राम त्याच्या लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉपचा पासवर्ड त्याच्याबरोबर गेलेला. उरली ती बहिणीला कधीतरी पाठवलेली एक तयार फाईल. वेबअसेंब्ली म्हणतात याला, तृप्तीनं समजावलं. कुठल्याही यंत्रावर ही जशीच्या तशी चालते, पण तिला स्वतःचे हातपाय नसतात. वेळ काय झाली, माती किती ओली आहे, मोटर लाव, हे सगळं ज्याच्या घरी उतरली त्या यजमानाकडं तिला मागावं लागतं. तृप्तीनं आणलेल्या नव्या डब्यातला यजमान, म्हणजे फाईल चालवणारं सॉफ्टवेअर, मोटरीचं काम नुकतंच शिकलं होतं. ते तयार करणाऱ्यांनीच ती सोय अजून प्रायोगिक म्हणून ठेवली होती.

"चालंलच असं न्हाई, अण्णा," ती म्हणाली.

भुजंगराव म्हणाले, "न्हाई चाललं तर मी बटन दाबतो. मंग या घरात पुन्हा त्याच्या डब्याचं नाव काढायचं न्हाई."

तृप्तीनं प्रोग्राम सुरू केला. काळ्या स्क्रीनवर एक ओळ उमटली. प्रोग्रामनं वेळ मागितली, मिळाली. मातीची ओल मागितली, मिळाली. मग मोटर मागितली.

भिंतीवरच्या पेटीत टक् झालं. विहिरीत मोटर घुमली आणि बागेतल्या नळ्या सुसू करू लागल्या. भुजंगरावांनी पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या आणि तसेच उभे राहिले.

थोड्याच वेळात मोटर थांबली.

खोडांजवळची माती नीट काळीही झाली नव्हती. तृप्तीचा चेहरा उतरला. द्वारकाबाईंनी मान फिरवली. भुजंगरावांचा हात बटनाकडं गेला, तेवढ्यात तृप्तीनं त्यांचं मनगट धरलं. स्क्रीनवर आणखी एक ओळ आली होती. तिनं ती हळू वाचली.

"बास, अण्णा. ताण तोडून राह्यलो, पहिलं पाणी हलकंच द्यायचं. बटन दाबू नका."

हे भारतला भुजंगरावांनीच शिकवलं होतं, तो बारका असताना, याच बागेत. त्यांनी हात मागं घेतला. मग ते स्क्रीनकडं वळले.

"बराबर हे, बापू," ते म्हणाले. "न्हाई दाबत."

भारत त्याआधीच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, जालन्याच्या दवाखान्यात वारला होता.