गोरं तांबं

होणाऱ्या विहीणबाईंनी देवळाली कँपातून आणलेली गोरेपणाच्या मलमाची डबी मैनेपुढं ठेवली. "लग्नापर्यंत रोज लाव. मीसुद्धा वर्षभर लावतेय. हळद-मसुराचे दिवस गेले आता!"

मैनेची आई कुसाबाई नाशकातल्या तांबटाची बायको. वाद न घालता तिनं तांब्याच्या परातीवर एकीकडं घरचं उटणं चोळलं, दुसरीकडं मलम. उटण्याखाली तांबं लाल लखलखलं, मलमाखाली पांढरं पडलं.

"बघा, तांबंही गोरं झालं!" विहीणबाई हरखल्या.

"पारा आहे त्यात, तोच तांब्यावर चढलाय. पोरीच्या तोंडाला हे विष लागणार नाही. हवं तर सोयरीक मोडा."

विहीणबाई तडकून उठल्या. कुसाबाईनं त्यांचं बोट धरलं. "ही सोन्याची अंगठी पांढरी कशानं पडली हो?"

"सोनारानं फसवलं. वर्षभर शिव्या देतेय मेल्याला..." बोलता बोलता विहीणबाई परातीकडं बघत राहिल्या.