कुंकवाशिवायचा फोटो

"ओळख पटत नाही. कृपया चेहरा समोर धरा," दार पुन्हा म्हणालं.

शैलजाताईंनी पदराने डोळे टिपले आणि मान वर केली. नवऱ्याचे दिवस गावी उरकून त्या नणंदेबरोबर आजच परतल्या होत्या आणि त्यांचंच घर त्यांना आत घेत नव्हतं.

"कंपनीला फोन लाव ना, वहिनी," उषा म्हणाली.

"लावला. ते म्हणतात, मालकांची परवानगी लागेल. मालक म्हणजे हेच की गं."

दार बसवायला आलेल्या माणसाने तेव्हा सांगितलं होतं, "काकू, एक फोटो कुंकू पुसूनही काढू या, पुढे अडचण नको." शैलजाताई भडकल्या होत्या. "भरल्या घरात असलं अभद्र बोलू नका," असं त्यांनी त्याला सुनावलं होतं. अरविंदराव मात्र हसत होते. "राहू द्या हो. तिला कुंकवाशिवाय मीसुद्धा कधी पाहिलेलं नाही, मग दाराने कशाला पाहायचं?"

उषाने पर्समधून आपली कुंकवाची डबी काढली. तिने बोट कुंकवात बुडवलं.

"दारापुरतं, वहिनी."

शैलजाताईंनी डोळे मिटून कपाळ पुढे केलं.

दार लगेच उघडलं. आतला दिवा लागला आणि रोजच्या प्रेमळ आवाजात घर म्हणालं, "या ताई. साहेब अजून आलेले नाहीत. त्यांच्या चहाचं आधण ठेवू?"

शैलजाताई उंबरठ्यावरच खाली बसल्या.

"ठेव," त्या म्हणाल्या.