उजवीकडचं बटण

सिगब्यर्नच्या टेबलावर तीन जातींचे तीन संगणक होते आणि तिन्हींच्या पडद्यावर त्याचीच 'हो की नको' विचारणारी खिडकी उघडी होती. त्यानं ती एकदाच लिहिलेली; मशीन कुठलंही असो, चालायची. नुसती चालायची नाही, ज्या घरात पडेल त्या घरची रीत उचलणाऱ्या सुनेसारखी वागायची. एका मशीनवर 'हो' डावीकडे, दुसऱ्यावर उजवीकडे. बटणं आपणहून जागा बदलायची. चंद्रावर मशीन नेलं तरी माझं बटण तिथली रीत शिकेल, असं तो ट्रोनहाइम शहरभर सव्वीस वर्षं सांगत आला होता. ऐकणाऱ्याची कॉफी गार व्हायची, याचं तोंड थांबायचं नाही.

आज समोर एल्ड्रिड होती. बेटावर सॅल्मन मासे पाळायच्या जाळ्यांवर पंप चालवणारी. तिची कॉफीही गार झाली होती.

"अकरा वर्षं तुमची खिडकी दर तासाला विचारायची, पंप सुरू करू का? भाऊ खाली पाण्यात असला की मी 'नको' दाबायची. उजवीकडचं. बघायचीसुद्धा नाही. ओड्वार चिडवायचा, तायडे, झोपेत दाबतेस की काय!" तिनं कप बाजूला सरकवला. "सोमवारी नवं मशीन आलं. खिडकी तीच. मी 'नको'च्या जागी बोट ठेवलं. तिथं 'हो' होतं. तो पंपाच्या तोंडाशीच होता."

"त्या मशीनची रीतच तशी आहे," सिगब्यर्न पुटपुटला.

"रीत मशीनची. हात माझा होता."

तिनं पडद्याकडे बोट केलं.

"बटणं हलवणारी तुमच्या प्रोग्रॅममधली ओळ काढून टाका. माझ्यासमोर."

सिगब्यर्नला ओळ शोधावी लागलीच नाही. "काढली तर बटणं सगळीकडे एकाच जागी येतील. पण त्या दुसऱ्या मशीनवर ज्यांचे हात बसलेत, त्यांची बोटं..."

"किती जण आहेत?"

"माहीत नाही. जहाजं आहेत. इस्पितळं आहेत."

"त्यांच्याही खाली कुणी असतं का?"

सिगब्यर्न कळफलकाकडे वळला. ओळ निवडली आणि कळ दाबली. एक छोटी खिडकी उघडली. तीही त्याचीच. 'नक्की पुसायची?' खाली दोन बटणं.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं दोन्ही वाचली. मग पुन्हा वाचली.

एल्ड्रिड त्याच्या बोटाकडे बघत होती. बोट हवेतच होतं.