पश्चात्तापाची शिकवणी

"पुन्हा," भाऊराव म्हणाले.

"साहेब, माझ्या हातून जी चूक झाली..."

"चूक गणितात होते रे! अपराध म्हण."

दशरथने मान डोलावली. तो भाऊरावांचा ड्रायव्हर. भाऊरावांच्याच फियाटखाली महिन्यापूर्वी आग्रा रोडवर, भल्या पहाटे, दूध आणायला निघालेली एक पोरगी गेली होती. उद्या मुलुंडच्या कोर्टात दशरथ गुन्हा कबूल करणार होता. वकिलांनी बजावलं होतं, की चेहऱ्यावर पश्चात्ताप दिसला तर मॅजिस्ट्रेट दंडावर सोडतील. नाही दिसला तर तुरुंग. म्हणून मराठीचे निवृत्त प्राध्यापक भाऊराव शिकवणी घेऊन बसले होते.

"सर, दिलगिरी म्हटलं तर? तोंडात बसतं."

"दिलगिरी वर्तमानपत्रं व्यक्त करतात. खेद रेल्वेला होतो, गाडी उशिरा आली की. तुला पश्चात्तापच हवा. पश्चात् म्हणजे नंतर, ताप म्हणजे होरपळ. होऊन गेल्यावर आत जे पेटतं ना, ते."

"होऊन गेल्यावर का?"

"आधी पेटलं असतं तर माणसाने ब्रेक नसता का मारला?"

वनमालाबाईंनी चहा आणून ठेवला आणि नवऱ्याकडे न बघता त्या आत गेल्या. त्या दिवसापासून त्या घरात मोजकंच बोलत.

"गावी आईची काळजी करू नकोस," भाऊराव म्हणाले. "तिचं सगळं आता माझ्याकडे लागलं."

"वनमालावहिनी पण तेच बोलल्या."

दशरथने पुन्हा वाक्य म्हटलं. शब्द बरोबर होते, पण शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तसे.

"अरे, एक जीव गेलाय!" भाऊराव कडाडले. "आत काही हलतंय की नाही तुझ्या? हे बघ."

ते उठून उभे राहिले. हात जोडले. "साहेब, माझ्या हातून..." पुढे आवाज फुटेना. ओठ थरथरले, डोळे भरून आले. कसंबसं वाक्य पुरं करून ते मटकन खुर्चीत बसले. आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

दशरथ बघतच राहिला. "झकास, सर. अगदी असंच पायजे."

"मग म्हण की तसं!"

"नुसतं पाठ करून नाय जमत, सर," दशरथ अदबीने म्हणाला. "स्टिअरिंगवर तुम्ही होतात, मी तर खोलीवर झोपलेलो. पोरगी चाकाखाली आली तेव्हा तुमच्या आत नेमकं काय झालं तेवढं सांगा. उद्या तसंच बोलतो."