फुलाला बंदी

मेडिकल कॉलेजच्या गेटवर नव्या मुलांना एकेक गुलाब देत होते. मंजुषाने हात पुढे केला आणि तिच्या बोटांना दांडा लागायच्या आत तिच्या बापाने, खंडेरावांनी, तो मधल्यामध्ये हिसकावला.

"फूल नको तिला!" ते ओरडले. "डॉक्टरांनी बंदी केलीय. इन्फेक्शन होतं. कॅन्सर हाय तिला, केमोचे दोन डोस झालेत, अजून चार बाकी हायेत!"

झालं. जानोरीपासून इथपर्यंत मोटरसायकलवर मंजुषाने बापाला तीनदा बजावलं होतं, "पप्पा, कोणाला काही बोलू नका. एक वर्ष थांब म्हणतील." खंडेरावांनी तीनदा मान डोलावली होती. आणि आता शंभरेक मुलांना, त्यांच्या आईबापांना आणि वॉचमनला एका दमात सगळं कळलं.

गुलाब देणारी राखी, दुसऱ्या वर्षाची, रिकामा हात तसाच पुढे धरून उभी राहिली. मंजुषाच्या डोक्याला स्कार्फ होता. नाशिकच्या रस्त्यावर गाडीवर बसलेली प्रत्येक पोरगी स्कार्फ गुंडाळूनच असते, त्यामुळे इथवर तिच्याकडे कोणी वळून पाहिलं नव्हतं. बाकीच्या पोरींनी गेटपाशी आपापले स्कार्फ सोडले, हिने सोडला नव्हता. आता सगळ्यांच्या नजरा तिथेच.

चुकलं, हे खंडेरावांनाही कळलं. पण हात आधी पुढे गेला त्याला ते तरी काय करणार? वीस वर्षं त्यांनी गुलाबच पिकवला. पोरीच्या बारशाला पाळण्याला गुलाब, दहावीच्या निकालाला गुलाब. आणि दोन महिन्यांपूर्वी डॉक्टर म्हणाले, ताजी फुलं आणि माती हिच्यापासून लांब ठेवा, साधी बुरशीसुद्धा हिला झेपायची नाही. तेव्हापासून मळ्यातून आलेला माणूस आंघोळ करतो, कपडे बदलतो आणि मंजुषाच्या खोलीच्या दाराशी दोन्ही हात पुढे करून उभा राहतो. ती ते उलटे बघते, सुलटे बघते, नखं बघते. मग म्हणते, "या आत." बापाला तिने दोनदा माघारी धाडलं होतं. आज पहाटे मळ्यात जाऊन आले म्हणून ते दोनदा आंघोळ करून, लग्नाकार्यातला शर्ट घालून निघाले होते.

हातातला गुलाब त्यांनी फिरवून पाहिला. दांड्याचे खालच्या चार बोटांपर्यंतचे काटे साफ काढलेले, कळीला आधार म्हणून बाहेरची पाकळी राखलेली. मंजुषाच्या आईचा हात. कालच्या जुड्यांतलाच होता, बाजारातून फिरून इथे आला होता.

"आपलाच हाय," ते पुटपुटले.

"पप्पा, आता तरी गप्प बसा ना." मंजुषा रडकुंडीला आली होती.

गलका ऐकून पांढऱ्या कोटातल्या एक बाई पुढे आल्या. राखी पटकन म्हणाली, "मोगल मॅडम. पहिल्या वर्षाला त्याच शिकवतात." खंडेरावांनी गुलाबासकट हात जोडले.

"मॅडम, माझंच तोंड फाटकं. पोरगी लय हुशार हाय. कॉलेजला जाऊ द्या म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलंय, हे बघा. तिला घरी धाडू नका."

मॅडमनी कागद घेतला, शेवटपर्यंत वाचला आणि मंजुषाकडे वळल्या.

"पुढचा डोस कधी?"

"बुधवारी."

"शुक्रवारी देता येईल का विचार तुझ्या डॉक्टरांना. त्रासाचे दिवस शनिवार-रविवारात जातील. सोमवारी येशील?"

"येईन."

"पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते. मी एक टक्काही सोडत नाही."

"माहीत आहे, मॅडम."

"वर्गात उलटी आली तर?"

"मागच्या बाकावर बसेन."

"पुढच्या बस. दाराजवळ. मागून पळालीस तर सगळा वर्ग उठवशील."

एवढं बोलून त्या वर निघाल्यासुद्धा. राखीने टोपलीतले उरलेले गुलाब भिंतीपलीकडे नेऊन ठेवले. मंजुषाने एकदा बापाकडे पाहिलं. रागावायचं होतं, पण लग्नाकार्यातल्या शर्टात उभ्या असलेल्या त्या माणसावर तिला रागावता येईना. ती पायऱ्या चढू लागली. खंडेराव खालीच थांबले, गुलाब पाठीमागे धरून.

वर्गाचं दार मॅडमनी उघडून धरलं होतं. मुलं भराभर आत शिरली. मंजुषा उंबऱ्याशी आली आणि थबकली. दोन महिने ती आत होती आणि माणसं बाहेर. सवयीने म्हणा की कशाने, तिने आपलेच दोन्ही हात पुढे केले. सुलटे केले, मग उलटे. डाव्या हाताची शीर केमोने मनगटापासून कोपरापर्यंत काळी पडलेली होती.

घरची ही रीत मॅडमना कुठून ठाऊक असणार? पण त्यांनी घाई केली नाही. ते हात त्यांनी नीट पाहिले, अगदी नखांपर्यंत.

"ये आत," त्या म्हणाल्या.